तिला ‘एक्झिक्युटिव्ह एमबीए कर’ म्हणताय? मग सोबत एवढं करा

“तू कर ना गं एक्झिक्युटिव्ह एमबीए, तुला सहज जमेल” हे वाक्य नोकरीत चांगलं काम करणाऱ्या जवळपास प्रत्येक बाईने कधी ना कधी ऐकलेलं असतं आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. एक्झिक्युटिव्ह एमबीए म्हणजे काही वर्षं नोकरी केलेल्यांसाठीचं एमबीए. म्हणणारा मनापासूनच म्हणत असतो. पण ती घरी जाते, रात्री ओटा आवरून झाला की मोबाईलवर फी बघते, कुठे तीस लाखांच्या पुढचा आकडा दिसतो, शनिवार-रविवार दिवसभर क्लास दिसतो, मुलाची दहावी पुढच्याच वर्षी आहे हे आठवतं आणि ते पान बंद होतं. म्हणून हे जे लिहितेय ते तिच्यासाठी कमी आणि तिला “कर ना” म्हणणाऱ्यांसाठी जास्त आहे. म्हणजे तिचा मॅनेजर, तिचा नवरा, मोठी बहीण, ऑफिसमधली सीनियर, एचआरमधले लोक. मी पुण्यात एका कारखान्याच्या परचेसमध्ये आहे, नोकरी करत वीकेंडचा कोर्स पूर्ण केला आणि त्यानंतर ऑफिसमधल्या ज्युनिअर मुलींचे फॉर्म भरताना त्यांच्या शेजारी बसत आले, त्यातून जे कळलं ते सांगते.

एक गोष्ट आधी. हुशारीचा किंवा इच्छेचा हा प्रश्नच नाहीये. फुलटाइम एमबीएला, म्हणजे बावीस-पंचवीसच्या वयात, मुली भरपूर जातात. आयआयएम कोझिकोडच्या २०१३ च्या बॅचमध्ये निम्म्याहून जास्त मुली होत्या, पुढे २०१९ मध्ये त्यांनी मुलींसाठी ६० जादा जागाही काढल्या. संस्थेने मनावर घेतलं तर आकडा बदलतो हे त्यातून दिसलंच. पण त्याच वयाच्या मुली दहा-बारा वर्षांनी, जेव्हा खरंच टीम चालवायची वेळ येते तेव्हा, एक्झिक्युटिव्हच्या वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात, कारण त्या वयात तिचा वेळ आणि पैसा दोन्ही एकट्या तिचे राहिलेले नसतात. म्हणून प्रोत्साहन द्यायचं असेल तर या दोन गोष्टींवर काम करावं लागतं, भाषणाने काही होत नाही.

आधी कोर्स नीट समजून घ्या, तिच्यासोबत बसून

‘एक्झिक्युटिव्ह एमबीए’ या नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि तिथेच पहिला गोंधळ होतो.

एक म्हणजे नोकरी सोडून एक वर्ष कॅम्पसवर राहून करायचे कोर्स, आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स, बंगलोरचा ईपीजीपी, कलकत्त्याचा एमबीएईएक्स (आधीचं नाव पीजीपीईएक्स) हे या प्रकारातले. पीजीपीएक्सला वय किमान २५ आणि पदवीनंतर किमान ४ वर्षांचा अनुभव लागतो. ज्यांना कंपनी किंवा क्षेत्रच बदलायचंय त्यांना हे फार उपयोगी पडतात, पण वर्षभराचा पगार जातो आणि घर सोडावं लागतं. दुसरा प्रकार नोकरी सांभाळून वीकेंडचा किंवा संध्याकाळचा. आयआयएम इंदूर मुंबईत वीकेंड बॅच चालवतं, आयआयएम नागपूरचं पुण्यातही केंद्र आहे, हैदराबादच्या आयएसबीचा (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) पीजीपी प्रो आहे, आणि पवईचं नीटी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालं तेही बघण्यासारखं आहे. मुंबईत चर्चगेटजवळच्या जमनालाल बजाजमध्ये मुंबई विद्यापीठाचे तीन वर्षांचे संध्याकाळचे मास्टर्स कोर्स आहेत, मार्केटिंग, फायनान्स, एचआर वगैरे, त्यांची फी आयआयएमच्या मानाने खूप कमी. पण ती बाई डोंबिवलीला राहत असेल तर रात्री क्लास सुटल्यावर घरी पोचेपर्यंत किती वाजतील ते आधी मोजा, कारण तीन वर्षं ते करायचंय. तिसरा प्रकार ऑनलाइन, म्हणजे आयआयएम कोझिकोडचा ईपीजीपी, बराचसा लाइव्ह ऑनलाइन आणि मधे काही दिवस कॅम्पसला जायचं. नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर, पणजी इथल्या बायकांना हा सगळ्यात झेपणारा वाटतो असा माझा अनुभव आहे. बजेट अगदीच कमी असेल तर इग्नूचं आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचंही एमबीए आहे, ज्यांना प्रमोशनसाठी कागदावर पदवी हवीय त्यांचं काम त्यातून होऊ शकतं, मात्र वर्गात बसून होणाऱ्या ओळखी तिथे मिळत नाहीत.

आणि चौथा प्रकार, ज्याच्याबद्दल तिला सावध करणं हे तुमचं पहिलं काम आहे. फोन करणारे ‘कौन्सेलर’ असतात ना, “मॅम आज रात्रीपर्यंतच डिस्काउंट आहे, सीट ब्लॉक करा” म्हणणारे, ते बऱ्याचदा सहा महिने ते वर्षभराचे सर्टिफिकेट कोर्स विकतात ज्यांच्यावर मोठ्या संस्थेचं नाव असतं पण हातात पदवी येत नाही. तेही शिकण्यासारखे असतात, पण दोन-चार लाख भरून झाल्यावर हे एमबीए नाही असं कळलं की ती बाई पुन्हा त्या वाटेला जात नाही. म्हणून तीन प्रश्न ईमेलवर विचारायचे आणि उत्तर लेखी घ्यायचं. शेवटी मिळणार काय, पदवी, डिप्लोमा की सर्टिफिकेट? माजी विद्यार्थ्याचा पूर्ण दर्जा मिळणार का? कॅम्पसवर किती दिवस यायचं? आयआयएमना स्वतःची पदवी देण्याचा अधिकार २०१७ च्या कायद्याने मिळाला, त्याआधी ते डिप्लोमाच देत आणि आजही काही एक्झिक्युटिव्ह कोर्सना डिप्लोमाच मिळतो, त्यात कमीपणा काही नाही, फक्त आधी माहीत हवं. ऑनलाइन पदवी घेणार असाल तर संस्थेचं नाव यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) मान्यताप्राप्त यादीत आहे का ते बघा, तसं असेल तर ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते असं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

दुबईतल्या मैत्रिणींसाठी एवढंच की लंडन बिझनेस स्कूलची एक्झिक्युटिव्ह बॅच तिथेच भरते, त्यामुळे भारतात येऊन-जाऊन करण्याआधी तेही बघून ठेवा.

शनिवार-रविवार

हा खरा मुद्दा आहे आणि नवरेमंडळींनी हा भाग दोनदा वाचावा अशी मनापासून विनंती आहे.

“मी आहे ना, मी करेन मदत” हे पुरेसं नाही. मदत म्हणजे काम तिचंच राहिलं आणि तुम्ही हात लावला. दोन वर्षं असं चालत नाही, पहिल्या सेमिस्टरपर्यंत चालतं आणि मग ज्या शनिवारी पोळ्यांच्या मावशी येत नाहीत, मुलाला ताप असतो आणि सासूबाईंची डोळ्याची अपॉइंटमेंट असते त्या शनिवारी ती क्लास बुडवते, मग दुसरा बुडवते, हजेरीचं पत्र येतं. माझ्या बॅचमधली एक अतिशय हुशार बाई अशीच गेली, फायनान्समध्ये आमच्यात सगळ्यात पुढे होती ती, आणि आजही मला त्याचं वाईट वाटतं.

त्यापेक्षा असं करा. संस्थेचं शैक्षणिक कॅलेंडर आधीच मागून घ्या, मागच्या वर्षीचं दिलं तरी चालेल. ते घरातल्या कॅलेंडरवर चढवा, जिथे गॅस, दूध आणि चतुर्थी लिहिलेली असते तिथेच. गौरी-गणपती कधी आहेत, दिवाळीच्या आसपास परीक्षा येतेय का, घरात लग्न आहे का, मुलांच्या युनिट टेस्ट कधी, हे सगळं एकाच कागदावर दिसायला हवं. मग प्रत्येक क्लासच्या दिवसापुढे एक नाव लिहायचं, घर आज कोणाकडे आहे ते. ज्याचं नाव आहे त्याने त्या दिवशी क्रिकेटच्या कोचिंगला सोडण्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं बघायचं आणि तिला फोन करून “वरणाला फोडणी कशाची” हेही विचारायचं नाही. मावशी आल्या नाहीत तर काय, हे आधीच ठरलेलं असू दे, डबा मागवायचा असेल तर त्या डबेवाल्याचा नंबर नवऱ्याच्या मोबाईलमध्ये हवा.

सासू-सासरे एकत्र राहत असतील तर त्यांना सांगायचं काम नवऱ्याचं. सुनेने सांगितलं की ती परवानगी मागणं होतं, मुलाने सांगितलं की घरातला निर्णय होतो, हे बरोबर आहे की नाही यावर वेगळं बोलता येईल पण घरोघरी होतं असंच. आणि फक्त कळवू नका, त्यांना विचारात घ्या, गौरींच्या वेळी कोर्सचा काय अडथळा येईल आणि आपण काय करू हे त्यांच्याशी बोलून ठरवा. ज्या घरांत हे बोलणं आधी झालं तिथल्या आजी पुढे किती अभिमानाने नातवंडांना घेऊन बसतात ते मी बघितलंय.

आणखी एक, आणि हे सहज सुटतं. क्लासच्या वेळेइतकाच क्लासनंतरचा एक तास महत्त्वाचा असतो. चहाला थांबणं, ग्रुपसोबत जेवणं, बाहेरून आलेल्या वक्त्याशी दोन मिनिटं बोलणं, पुढच्या नोकऱ्या बऱ्याचदा तिथून येतात. पुरुष थांबतात, बायका घड्याळ बघून निघतात. तेव्हा कॅलेंडरवर क्लास पाचला संपतो असं असेल तर घरात सात धरा. आठवड्यात रात्री दहाला ग्रुप कॉल असतात, त्या वेळी मुलांना झोपवायचं काम दुसऱ्या कोणाचं तरी असायला हवं.

मी सगळ्यांना एक रंगीत तालीम करायला सांगते. प्रवेशाच्या कितीतरी आधी, परीक्षेची तयारी सुरू होते तेव्हाच, सलग चार वीकेंड तिने सकाळी घराबाहेर पडायचं, अभ्यासिकेत किंवा मैत्रिणीच्या रिकाम्या फ्लॅटवर बसायचं आणि संध्याकाळी यायचं. अभ्यासही होतो आणि घर कुठे अडतं ते सगळ्यांनाच दिसतं.

पैसे

फीचा ताजा आकडा संस्थेच्या साइटवरूनच घ्या कारण तो दर वर्षी बदलतो, पण अंदाज म्हणून, मोठ्या संस्थांचे एका वर्षाचे कॅम्पसचे कोर्स तीस लाखांच्या पुढे जातात, ऑनलाइन आणि वीकेंडचे काही त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा कमी, आणि विद्यापीठाचे पार्टटाइम त्याहून खूप स्वस्त.

घरात मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी पैसे बाजूला असतात, फ्लॅटसाठी असतात, आईच्या शिक्षणासाठी असा वेगळा डबा नसतो. म्हणून ती स्वतःच “एवढे पैसे माझ्यावर कशाला” म्हणते आणि सगळे गप्प बसतात. तुम्ही गप्प बसू नका. एक्सेलमध्ये मांडा. आजचा पगार, कोर्सनंतरच्या पदाचा बाजारातला पगार, नोकरीची उरलेली वर्षं. अडतीसाव्या वर्षी केलं तरी अठ्ठावन्नपर्यंत वीस वर्षं हातात असतात. हा हिशोब ती रोज कंपनीसाठी करते, स्वतःसाठी करायला शेजारी कोणीतरी बसावं लागतं.

शैक्षणिक कर्जात काही बँका, स्टेट बँकसुद्धा, मुलींना आणि महिलांना व्याजात थोडी सूट देतात, पण पार्टटाइम कोर्स त्यांच्या योजनेत बसतो का हे शाखेत जाऊन विचारावं लागतं. जुन्या कर पद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर ८ वर्षांपर्यंत वजावट मिळते, त्या व्याजाला वरची मर्यादा नाही, आणि नवऱ्याने बायकोच्या शिक्षणासाठी कर्ज काढलं तरी त्याला ती मिळते. नव्या कर पद्धतीत ही वजावट नाही, त्यामुळे दोघांपैकी जुन्या पद्धतीत कोण आहे ते बघून कर्ज कोणाच्या नावावर घ्यायचं ते सीएला विचारून ठरवा. संस्थांना महिलांसाठी स्कॉलरशिप आहे का हे प्रवेश ठरायच्या आधी विचारायचं, पैसे भरून झाल्यावर विचारून उपयोग नाही.

तुम्ही तिचे मॅनेजर किंवा एचआर असाल तर

कंपनी कोर्सचा खर्च उचलत असेल तर ते सगळ्यांना माहीत असू द्या. खूप ठिकाणी हे मागणाऱ्यालाच मिळतं, आणि मागणारा तोच असतो जो बॉससोबत जेवायला बसतो. नियम लेखी काढा, किती वर्षं नोकरी झाल्यावर अर्ज करता येईल, कंपनी किती टक्के देणार, बॉण्ड, म्हणजे कोर्सनंतर कंपनी न सोडण्याचा करार, किती वर्षांचा. बॉण्डमध्ये बाळंतपणाची रजा कशी धरणार तेही लिहा. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे, त्या काळात तिची नोकरी चालूच असते, तेव्हा त्या रजेमुळे तिचा बॉण्ड लांबवायचा विचार कोणी करत असेल तर तो आधीच खोडून टाका.

शिफारसपत्र. यावर मला जरा जास्तच बोलायचंय. मी बघितलेल्या पत्रांमध्ये बायकांबद्दल “अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ, टीमला सांभाळून घेणारी, कधीही तक्रार न करणारी” असं प्रेमाने लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याला वाटतं आपण कौतुक केलं, आणि प्रवेश समितीला त्यातून ती निर्णय घेऊ शकते की नाही याचा काहीच पत्ता लागत नाही. तेव्हा लिहायच्या आधी तिला अर्धा तास बोलावून विचारा की गेल्या तीन वर्षांत तू घेतलेले तीन निर्णय सांग जे दुसऱ्याने घेतले नसते. मग तेच लिहा, कोणता सप्लायर तिने बदलला, विरोध कोणाचा होता, किती दिवसांचा स्टॉक कमी झाला, कंपनीचे किती पैसे वाचले. आकडे तुमच्या सिस्टिममध्येच असतात.

आणि हे करून कंपनीला काय मिळणार असं कोणी विचारलं तर शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीचा नियम सांगा. बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांच्या संचालक मंडळावर एक स्वतंत्र महिला संचालक १ एप्रिल २०२० पासून बंधनकारक आहे. दर वेळी तीच ती मोजकी नावं फिरवायची नसतील तर नफा-तोट्याची जबाबदारी घेतलेल्या बायका खालून तयार व्हायला हव्यात.

परीक्षा आणि फॉर्म

जीमॅट ही एमबीए प्रवेशासाठीची आंतरराष्ट्रीय परीक्षा आता सव्वादोन तासांची असते आणि तिचा स्कोअर ५ वर्षं चालतो. अनुभवी लोकांसाठी जीमॅट घेणाऱ्याच संस्थेची एक्झिक्युटिव्ह असेसमेंट नावाची ९० मिनिटांची, ४० प्रश्नांची परीक्षाही आहे, काही बी-स्कूल तिचा स्कोअर धरतात. कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा, वर्षातून एकदाच. काही संस्थांची स्वतःची परीक्षा असते. पंधरा वर्षांनी गणित बघून भीती वाटतेच, ती तीन-चार महिन्यांच्या सरावाने जाते, टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी हे सगळं शाळेतलंच आहे.

फॉर्ममधल्या निबंधात ती सगळीकडे “आम्ही केलं” लिहील. शेजारी बसून प्रत्येक वाक्याला विचारा, यातलं तू काय केलंस? करिअरमध्ये गॅप असेल तर तो दोन वाक्यांत स्वच्छ लिहायचा, केव्हापासून केव्हापर्यंत, का, आणि परत आल्यावर काय केलं. माफीचा सूर नको. मुलाखतीत घर कसं सांभाळणार असं विचारलंच तर “ते ठरलेलं आहे” एवढं उत्तर पुरे आणि लगेच कामावर बोलायचं. त्यासाठी ते खरोखर ठरलेलं असायला लागतं, म्हणून वरचं कॅलेंडर.

एक मॉक इंटरव्ह्यू तुम्ही घ्या. ती कॅमेऱ्यासमोर बसेल, तुम्ही तिच्या कंपनीचा ताळेबंद उघडून प्रश्न विचाराल. बायकांना इथे “तुमचं क्षेत्र तर एचआर, फायनान्समध्ये काय” असं कोणी म्हणायला नको.

आत गेल्यावर

ग्रुप असाइनमेंटमध्ये प्रेझेंटेशन सजवायचं आणि सगळ्यांना आठवण करायचं काम आपोआप तिच्याकडे येईल. पहिल्याच महिन्यात तिने एक अवघड भाग मागून घ्यावा, व्हॅल्युएशन घ्यावं, कॉस्टिंग घ्यावं. आणि कोर्स संपायच्या सहा-आठ महिने आधी मॅनेजरने तिच्यासोबत बसून पुढची जबाबदारी कोणती ते ठरवावं, नाहीतर ती शिकून येते, त्याच टेबलावर तेच काम करते आणि वर्षभरात दुसऱ्या कंपनीत जाते, यात चूक तिची नसते.

आणि ती या वर्षी नाही म्हणाली तर? मुलाची दहावी, आईचं आजारपण, कारणं खरीच असतात, त्यावर वाद घालू नका. फक्त परीक्षा देऊन ठेव म्हणा. जीमॅटचा स्कोअर पाच वर्षं चालतो, तोपर्यंत दहावीही होते आणि बारावीही. तुमच्या मोबाईलमध्ये पुढच्या वर्षीच्या फॉर्मच्या महिन्याचं रिमाइंडर लावा आणि त्या दिवशी तिला पुन्हा विचारा.